आधी घाम, मग पावती

"वकीलसाहेब, समाजाचे सगळे प्रश्न सुटले की काय, म्हणून तुम्ही सायकली फिरवत सुटलात?"

कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी परवा आम्हाला हा प्रश्न केला. या माणसाने नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत, तुरुंग पाहिला आहे. त्यांचा शब्द हसण्यावारी नेण्याचा आमचा अधिकार नाही. त्या दिवशी आम्ही गप्प बसून चहा संपवला. पण उत्तर द्यावेच लागेल, आणि ते त्यांना एकट्याला देऊन भागणार नाही. कारण हाच प्रश्न कमी-अधिक टोकदार शब्दांत आम्हाला विहारात, बाररूममध्ये आणि आमच्या घरातही विचारला गेला आहे.

आधी हकीकत सांगतो. यंदाच्या अशोक विजयादशमीला आम्ही छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादहून, सायकलने नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणार आहोत. नागसेनवनातून निघायचे आणि जालना, सिंदखेडराजा, मेहकर, वाशीम जिल्ह्यातले मालेगाव, कारंजा, वर्धा असे करत पाचव्या दिवशी नागपूर गाठायचे. अंतर सुमारे ४८० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, तेव्हा जुनाच रस्ता, ट्रकच्या आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या सोबतीने. या प्रवासाच्या निमित्ताने आम्ही निधी जमवत आहोत. तो खेड्यापाड्यातून शिकायला शहरात आलेल्या, वसतिगृहात नंबर न लागल्यामुळे भाड्याच्या खोलीत चौघी-चौघींनी राहणाऱ्या मुलींच्या मेससाठी आहे.

आता पहिला आक्षेप. शिष्यवृत्ती हा या मुलींचा हक्क आहे. मग तुम्ही दानधर्म कशाला करता? सरकारची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या डोक्यावर का घेता? आक्षेप बिनतोड आहे आणि आम्हाला तो मान्य आहे. आम्ही वकील आहोत, हक्क आणि उपकार यांतला फरक आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. शिष्यवृत्तीची थकबाकी मागणारे अर्ज आम्ही लिहितो, त्यासाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवतो, वेळ आली तर याचिकाही करतो, आणि ते काम या सायकलीमुळे एक दिवसही थांबलेले नाही. परंतु याचिकेला तारीख मिळते आणि पोटाला तारीख देता येत नाही. हप्ता मार्चमध्ये येणार असेल, तर ऑगस्टपासून मार्चपर्यंत त्या मुलीने खायचे काय? मेसवाल्या मावशींची उधारी तीन महिन्यांवर गेली की मुलगी लाजेने एक वेळ जेवू लागते आणि एक दिवस काही न बोलता गावाकडची एस.टी. पकडते. ती परत येत नाही. तिच्या नावाने पुढे निकाल लागला तरी तो तिच्या काय कामाचा?

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. हक्कांची लढाई आणि मुलांच्या जेवणाची सोय, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांना उपाशी राहावे लागू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घरोघरचे मूठभर धान्य गोळा करून मुले जगवली गेली. त्या मुठीमुळे कोणाचा हक्क कमी झाला नाही. उलट त्या मुठीवर जगलेली मुले पुढे हक्क मागायला उभी राहिली.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. निधीच जमवायचा तर सरळ पावतीपुस्तक घेऊन फिरा, सायकल कशाला? याचे उत्तर आम्हालाही सुरुवातीला नीट देता येत नव्हते. गेल्या दहा आठवड्यांच्या सरावाने ते दिले. म्हणूनच हा लेख सरावाबद्दल आहे.

आम्ही सात जण. एक आम्ही, एक आमचे ज्युनिअर वकील, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई, बँकेतले एक भाऊ, एस.टी.च्या वर्कशॉपमधले एक मेकॅनिक दादा, विधी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. यातले कोणी खेळाडू नाही. आमचे वय चाळिशीच्या पुढचे, पोट पक्षकाराच्या फायलीसारखे दर वर्षी फुगत गेलेले. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारलेली, तेवढेच भांडवल. त्या काळी आपल्या वस्त्यांत सायकल ही हौस नव्हती. ती रोजी होती. गिरणीत, कारखान्यात, बिगारीवर जाणाऱ्या माणसाचा डबा तिच्या हँडलला लटकत असे. त्या सायकलची किंमत पुढे स्कूटर आली तसे आपण विसरलो आणि सायकल चालवणे म्हणजे गरिबी, असे मानू लागलो. आता श्रीमंत लोक लाखालाखाच्या सायकली घेऊन पहाटे फिरतात, तेव्हा कुठे तिला पुन्हा प्रतिष्ठा आली. ते असो.

चळवळीला तर सायकल परकी असण्याचे कारणच नाही. मान्यवर कांशीराम यांनी १९८१ मध्ये डीएस-फोर ही संघटना उभी केली आणि १९८३ मध्ये कार्यकर्त्यांना सायकलीवर बसवून अनेक राज्ये पालथी घातली. पैसा नाही, गाड्या नाहीत, वृत्तपत्रे दखल घेत नाहीत. पण दोन पाय आणि दोन चाके तर आहेत, हा त्यामागचा साधा हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, बहुजन समाज पक्षाची स्थापना झाली. सायकलचा वेग असा असतो की तीवरून जाणाऱ्याला गाव दिसते आणि गावालाही तो माणूस दिसतो. मोटारीतून जाणाऱ्या पुढाऱ्याला यातले काहीच साधत नाही.

सरावाला लागण्याआधी आम्ही एक शहाणपणाची गोष्ट केली. सातही जणांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने असे काही करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घेतलेच पाहिजे. यात भीती कसली आणि कमीपणा कसला? आमच्या काकांचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला, की डॉक्टरांनी त्यांना लांबच्या प्रवासाला साफ मनाई केली. त्यांना तोपर्यंत पत्ताच नव्हता. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता वही आणि शिटी घेऊन हजर. "सायकल नाही तर नाही, हिशेब मी ठेवतो," म्हणाले. तेव्हापासून किलोमीटर, पंक्चर, पाणी आणि पैसा, या चारही गोष्टींची नोंद काकांकडे. गोळ्या ते वेळेवर घेतात आणि आमच्या मागे फिरणाऱ्या छोट्या टेम्पोत बसून आम्हाला शिव्या घालतात. सायकलने त्यांना नागपूरला नेले नाही, पण बहुधा लकव्यापासून वाचवले.

सराव म्हणजे उत्साह नव्हे, हे आम्ही ठेच लागून शिकलो. नियम सोपा आहे. पहिल्या आठवड्यात जेवढे अंतर झेपते तेवढेच घ्यायचे. पुढे दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही. आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करायचे. शरीर कष्टाच्या वेळी नव्हे, विश्रांतीच्या वेळी घडते. आम्ही आठवड्याला ८० किलोमीटरपासून सुरुवात केली. चार दिवस कोर्ट-शाळा-बँकेच्या आधी पहाटे पंधरा-पंधरा आणि रविवारी वीस. आज दहाव्या आठवड्यात आम्ही दीडशेच्या थोडे पुढे आहोत. सोळा आठवड्यांचा हा कार्यक्रम आहे.

मधे सहाव्या आठवड्यात मात्र माज आला. त्या रविवारी ४५ किलोमीटर ठरले होते. पाऊस उघडला होता, हवा छान होती, पाय हलके वाटत होते. कोणीतरी म्हणाले, पैठणला जाऊन येऊ. जायला पन्नास, यायला पन्नास. नाथसागर पाहिला, फोटो काढले आणि फुशारकीत परत निघालो. सकाळी फक्त चहा-बिस्किटे झाली होती. सत्तर किलोमीटरनंतर आमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरू लागले, आणि चढ नसताना सायकल चढावर असल्यासारखी जड झाली. रस्त्याकडेच्या लिंबाखाली आडवे झालो ते झालोच. काकांनी टेम्पोतून गूळ-शेंगदाणे काढून पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, पक्षकाराला सांगता ना, कागद नसताना केस लढवू नको म्हणून? मग पोटात अन्न नसताना सायकल का लढवली?"

त्याचे कारण नंतर समजून घेतले. शरीरात साठवलेली साखर दीड-दोन तासांच्या जोरकस कष्टाला पुरते. ती संपली की माणूस बसतो. म्हणून भूक लागण्याआधी खायचे. पहिला तास झाला की दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे: केळे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, गुळाचा खडा, अर्धी पोळी. महागड्या पाकिटांची काही गरज नाही. एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदके असतात आणि तासाला तीस ते साठ ग्रॅम पुरतात. पाण्याचेही तसेच. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात थोडे जास्त, पण घोटाघोटाने. नुसते पाणी पीत राहिले तर घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे आपल्या आशाताईंनी घरोघर शिकवलेले जलसंजीवनीचे प्रमाण सायकलवाल्यालाही लागू आहे.

गुडघ्याचा धडा वेगळाच. तिसऱ्या आठवड्यात बाईंचा गुडघा पुढून दुखू लागला. वयाचा दोष म्हणून त्या सोडून देणार होत्या. मेकॅनिक दादांनी सायकल पाहिली आणि पान्याने सीट चांगली दीड इंच वर केली. दुखणे आठवडाभरात गेले. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो; फार वर असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि गुडघ्यामागची शीर ओढली जाते. जिला आपण वयाची व्याधी समजत होतो ती दीड इंचाची चूक होती. समाजातही अशा किती व्याधी आपण नशीब म्हणून सोसतो!

आमचा नेहमीचा रस्ता म्हणजे वेरूळचा. शहरातून दौलताबाद, किल्ल्यापुढून घाट चढून खुलताबाद आणि तिथून उतरून वेरूळ. एका बाजूने तीस किलोमीटर. पहिल्या रविवारी त्या घाटात आम्ही सायकल हातात धरून चाललो. घाट ताकदीने चढत नाही, हे पुढे कळले. हलका गिअर टाकायचा, पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरत ठेवायचा, श्वास बोलता येईल इतपत राखायचा आणि वर न बघता पुढच्या दहा फुटांकडे बघायचे. पाचव्या रविवारी आम्ही न उतरता माथ्यावर पोहोचलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी वहीत फक्त एक रेघ मारली.

दौलताबादच्या त्या रस्त्यावर आम्ही दर वेळी पाच मिनिटे थांबतो. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला याच वाटेने निघाले होते. किल्ल्याच्या दरवाजापाशी पाण्याचा हौद भरलेला होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी हातपाय, तोंडे धुतली. त्याबरोबर हौद बाटवला म्हणून गलका झाला, शिवीगाळ झाली, जमाव जमला. ओरडणारे मुसलमान होते. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य तो इतरांच्याही लेखी अस्पृश्य ठरतो, हा अनुभव बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत नोंदवला. शेवटी किल्ल्यात सोडले ते कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि अट पाळली जाते की नाही हे पाहायला सोबत हत्यारी शिपाई. कोलंबिया आणि लंडन गाजवून आलेला, महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केलेला माणूस, आणि त्याच्यामागे पाण्यासाठी पहारा! आमच्या गटातल्या मुलीला ही हकीकत पुस्तकातून माहीत होती. त्या जागी घामाघूम होऊन उभे राहून, कोरड पडलेल्या घशाने ऐकली तेव्हा मात्र ती बराच वेळ बोलली नाही. तहान लागल्याशिवाय तो हौद समजत नाही.

आता कोणी म्हणेल, ते १९३४ होते. ठीक आहे. यंदाच्या पावसाळ्यातलीच गोष्ट ऐका. एका रविवारी आम्ही चौक्याचा घाट ओलांडून फुलंब्रीच्या पुढे गेलो होतो. आतल्या रस्त्यावरच्या एका गावात मुलीच्या बाटलीतले पाणी संपले. टेम्पो मागे पंक्चरपाशी अडकला होता. तिने एका घरापुढे सायकल लावून पाणी मागितले. घरातल्या आजीबाई प्रेमाने बोलल्या. कुठून आलीस, एवढ्या लांब कशी गं चालवतेस, आई काळजी करत असेल. मग विचारले, "आडनाव काय बाई?" मुलीने आडनाव सांगितले. आजीबाई हातातला भरलेला तांब्या घेऊन आत गेल्या आणि जुन्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून घेऊन आल्या. "ही बाटली घेऊन जा, परत नको देऊस." पाणी मिळाले, तांब्या मिळाला नाही.

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर पुरावा शून्य. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण प्रेमाने दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर फिर्याद कशी लिहिणार? मुलगी ती बाटली ओट्यावर भरलेलीच ठेवून, "जय भीम आजी," म्हणून निघाली आणि पुढचे पंधरा किलोमीटर थेंबभर पाण्याशिवाय, सर्वांच्या पुढे, वाऱ्यासारखी गेली. टेम्पो आल्यावर काकांनी तिला बसवून पाणी पाजले. तेव्हा बाई तिला जे म्हणाल्या ते आम्ही विसरणार नाही. "पोरी, रागाने पाणी सोडायचं नाही. आपल्याला लांब जायचंय." त्या दिवसापासून प्रत्येकाच्या सायकलला एकाऐवजी दोन बाटल्या आहेत.

मुलीच्या सायकल चालवण्यावरूनही कुजबुज झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याच वस्तीत. कपडे, वेळ, पुरुषांसोबत पाच दिवस. अशांना आम्ही तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याचे उदाहरण देतो. तिथे १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेत शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी असताना अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या हजारो बाया सायकलीवर बसल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर सविस्तर लिहिले आहे. टोमणे तिथेही होते. पण बाजाराला जायला, पाणी आणायला, मुलाला दवाखान्यात न्यायला नवऱ्याची किंवा बसची वाट पाहायची गरज उरली नाही, तेव्हा टोमणे आपोआप विरले. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले. मुलगी स्वतःच्या चाकावर शाळेत जाऊ लागली की तिच्या शाळेचे अंतर कमी होते. आम्ही ज्या मुलींच्या जेवणासाठी निघालो आहोत, त्यांच्यापैकीच एक आमच्यापुढे सायकल चालवते आहे, ही आमच्या दृष्टीने या प्रवासातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. ती निधी घेणाऱ्यांतली नाही. कष्ट करून निधी उभा करणाऱ्यांतली आहे.

आता पैशांविषयी. चळवळीत सर्वांत जास्त नाती पैशांच्या हिशेबावरून तुटली आहेत, हे कटू सत्य आहे. जयंती झाली, वर्गणी झाली, हिशेब कुठे आहे? हा प्रश्न विचारणारा गद्दार ठरतो आणि न विचारणारा पुढच्या वर्षी वर्गणी देत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० मध्ये बिली स्टार नावाच्या माणसाने कर्करोगाने गेलेल्या आईच्या आठवणीने छत्तीस जणांना घेऊन अशीच सायकलफेरी काढली. पहिल्या वर्षी १०,२०० डॉलर जमले. आज 'पॅन-मास चॅलेंज' या नावाने ती फेरी दर वर्षी निघते आणि तिने कर्करोगाच्या संशोधनासाठी आजवर एक अब्ज डॉलरांवर रक्कम उभी केली आहे. तिथला एक दंडक आम्हाला फार पटला. सायकलस्वार जो निधी जमवतात तो पूर्णच्या पूर्ण कामाला जातो. फेरीचा खर्च त्यातून होत नाही.

तोच दंडक आम्ही घातला आहे. सायकलची दुरुस्ती, टायर-ट्यूब, टेम्पोचे डिझेल, पाच दिवसांचे जेवण, हे सगळे आम्ही सात जण आपल्या खिशातून करणार. मुक्काम विहारांत आणि शाळांत. निधी आमच्या कोणाच्याही हातात येणार नाही. तो नोंदणीकृत न्यासाच्या बँक खात्यात थेट जमा होईल. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-सी प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे रीतसर जावे लागते. गणेश मंडळांना लागू असलेला हा नियम आपल्या मंडळांनाही लागू आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आम्ही ती पूर्तता आधी केली आणि मगच पहिली पावती फाडली. आयकराची ८०-जी ची सवलत हवी असलेल्या नोकरदारांनी एवढे ध्यानात ठेवावे, की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. चेकने किंवा खात्यातून द्यावे.

हिशेब असा मांडला आहे. एका मुलीच्या मेसला महिन्याला तीन हजार रुपये धरले तर शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांचे तीस हजार. चाळीस मुली, म्हणजे बारा लाख. मोठ्या देणगीदाराच्या दारात आम्हाला उभे राहायचे नाही; त्याचा फोटो लावावा लागतो आणि मग मुलींनाही त्याच्या फोटोखाली उभे करावे लागते. म्हणून आम्ही किलोमीटरला एक रुपया मागतो. ४८० किलोमीटर, ४८० रुपये. अडीच हजार माणसांनी दिले की बारा लाख पूर्ण. आणि एक अट आम्ही स्वतःवर घालून घेतली आहे. जेवढे किलोमीटर प्रत्यक्ष होतील तेवढ्याचेच पैसे. आम्ही वर्ध्याला थकून बसलो, तर नागपूरपर्यंतचे तुमचे रुपये तुमच्याकडे.

वाचकहो, सायकल कशाला, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पावतीपुस्तक घेऊन आम्ही दारात उभे राहिलो असतो, तर तुम्ही आमच्या शब्दावर पैसे दिले असते. शब्दावर पैसे देऊन समाज पुष्कळदा फसला आहे. आता तुम्ही पैसे देणार ते आधी झालेल्या कष्टावर, काकांच्या वहीतल्या नोंदीवर. पहाटे साडेचारला उठलेला माणूस दुपारी मुलीच्या मेसच्या पैशांत हात घालणार नाही, अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही. पण त्या पैशामागे सोळा आठवडे गेले आहेत, हे त्याला विसरता येणार नाही एवढे खरे.

निघायला अजून दीड महिना आहे. उरलेल्या सरावात आता शनिवार-रविवार सलग लांब अंतर करायचे आहे, कारण पाच दिवसांच्या प्रवासात पहिला दिवस कोणालाही जमतो; खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी ठणकत्या मांड्यांनी पुन्हा सीटवर बसताना असते. सर्वांत लांब टप्पा कारंजा ते वर्धा असेल. त्याच्या तीन चतुर्थांश अंतर तरी आधी एकदा करून पाहायचे आहे. ट्यूब बदलणे सहाही जणांना अंधारात जमले पाहिजे, असा मेकॅनिक दादांचा हुकूम आहे. आम्ही अजून त्यात नापास आहोत. मागचा लाल दिवा, चमकणारा पट्टा आणि हेल्मेट यांशिवाय कोणी रांगेत येणार नाही, आणि रांग एकेरीच राहील. शेवटच्या आठवड्यात जवळजवळ काहीच करायचे नाही. झोपायचे, खायचे आणि चेनला तेल घालायचे.

टपरीवरच्या त्या ज्येष्ठांना आम्ही काल पुन्हा भेटलो आणि हे सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "प्रश्न सुटले नाहीत, हे तर तुम्हालाही मान्य आहे." आम्ही म्हणालो, मान्य आहे. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली. आम्ही रोख घेत नाही, खात्यात भरा म्हणून सांगितले तेव्हा ते प्रथमच हसले. "वीस रुपये परत कोण देणार?"

आम्ही म्हणालो, "दीक्षाभूमीवरून परत येताना चहा आमच्याकडून."

जय भीम!